मांडवीकाठ : रस्ता, पूल आणि तर

गेल्या हिवाळ्यात इंदूरहून आमचे एक वयोवृद्ध आप्त चार दिवसांसाठी पणजीला येऊन राहिले. सगळे आयुष्य माळव्यात गेलेले, महेश्वरच्या घाटावर अहिल्याबाईंच्या पायऱ्या उतरून नर्मदेत पाय बुडवण्याची लहानपणापासूनची सवय. संध्याकाळी त्यांना घेऊन मांडवीच्या काठाने फिरायला निघालो. जुन्या सचिवालयापासून कांपालपर्यंत आम्ही रमतगमत चाललो. नदी भरतीची होती, पलीकडे बेतीचे दिवे लागले होते. थोड्या वेळाने ते थांबले आणि म्हणाले, "नदी सुंदर आहे हो तुमची. पण पाण्याला हात लावायला उतरायचे कोठून?"

चाळीस वर्षे ज्या काठाने नोकरीला गेलो आलो, त्याच काठाविषयीच्या या साध्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. डाव्या हाताला वाहनांनी भरलेला दयानंद बांदोडकर मार्ग, उजव्या हाताला कठडा, कठड्यापलीकडे खडकांची भर. जेथे धक्का आहे तेथे तो कोणाच्या तरी बोटीसाठी, आणि त्याच्या तोंडाशी पहारेकरी. शेवटी मी त्यांना घेऊन बेतीच्या फेरीबोटीच्या उतारावर गेलो. त्या प्रश्नाने मात्र पाठ सोडली नाही. पणजी हे नदीने जन्माला घातलेले गाव. मग नदी आणि गावकरी यांच्यामध्ये इतके अंतर कधी आणि कसे पडले, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्यांनी पणजी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगायला हवा. उत्तरेला मांडवी, पूर्वेला ओरें खाडी, पश्चिमेला सांतिनेजची खाडी आणि मागे आल्तिनोची टेकडी. मधली जमीन सखल आणि दलदलीची. भरतीचे पाणी आत यावे, ओहोटीला निघून जावे, मध्ये कोठे मिठागर, कोठे खाजन शेती, कोठे माडांची बागायत, असा हा प्रदेश होता. काठावर विजापूरकर आदिलशहाचा राजवाडा होता, तो १५१० साली पोर्तुगिजांच्या हाती गेला. राजधानी मात्र नदीच्या वरच्या अंगाला, ज्याला आपण आज जुने गोवे म्हणतो तेथे होती. पोर्तुगालहून येणारे जहाज मांडवीच्या मुखातून आत शिरे आणि पणजी मागे टाकून राजधानीच्या बंदराला लागे. नवा व्हाइसरॉय ज्या कमानीतून नगरात प्रवेश करी, ती कमान जुन्या गोव्यात आजही उभी आहे. तिच्याखालून आज दिवाडी बेटावरची माणसे बाजाराच्या पिशव्या घेऊन फेरीबोटीकडे जातात. मला स्वतःला त्या कमानीचा हा उपयोग जास्त शोभिवंत वाटतो.

काठाने जमिनीवरून जाण्याची पहिली मोठी सोय १६३३-३४ साली झाली. मिगेल द नोरोन्या, लिन्यारिशचा काउंट, हा १६२९ ते १६३५ या काळात व्हाइसरॉय होता. त्याने पणजीपासून रायबंदरपर्यंत दलदलीवरून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध-पूल घातला. त्याचेच नाव त्याला मिळाले, ‘पोंत द लिन्यारिश’. पाटोकडून रायबंदरला जाताना आज आपण ज्या सखल, सरळ रस्त्याने जातो, उजव्या हाताला मिठागरे आणि डाव्या हाताला नदी असते, तो रस्ता हाच. त्या काळी आशियात इतक्या लांबीचे बांधकाम विरळाच.

हा बांध-पूल मी नीट पाहिला तो नोकरीतून निवृत्त झाल्यावर. नोकरीत असताना आपण त्यावरून फक्त धावतो. ओहोटीच्या वेळी खाली उतरून पाहिले की लक्षात येते, हा नुसता भरावाचा बंधारा नाही. त्यात ठिकठिकाणी कमानी ठेवलेल्या आहेत, त्यांतून भरतीचे पाणी मिठागरांकडे आणि खाजनाकडे जाते आणि परत येते. पाणी अडवून रस्ता करायचा नाही, पाण्याला त्याची वाट देऊन माणसाला त्याची वाट द्यायची, असा त्यामागचा विचार दिसतो. बुटका, जड, जांभ्या दगडाचा हा पूल जवळजवळ चारशे वर्षे टिकला आणि ज्या वाहनांची त्याच्या बांधणाऱ्यांना कल्पनाही नव्हती ती आज त्यावरून जातात. यात बांधणाऱ्यांच्या कौशल्याइतकाच या नम्रतेचा वाटा असावा, असे माझे मत आहे. अभियंत्यांनी ते खोडून काढावे.

पोर्तुगीज राजवटीचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. त्या दगडांखाली कोणाचे श्रम गेले हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. या पुलामुळे पणजीहून निघालेला माणूस भरती-ओहोटीची आणि होडीची वाट न पाहता, आपल्या पायांनी, नदीच्या काठाकाठाने राजधानीच्या दिशेने जाऊ लागला.

पुढे इतिहासाने गंमत केली. पूल राजधानीकडे नेण्यासाठी बांधला. रोगराईने राजधानीच ओस पडत गेली आणि उलट दिशेने पणजीकडे आली. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या जुन्या आदिलशाही वाड्यात हलवला. मग १८२७ ते १८३५ या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने दलदल बुजवून सरळ रस्ते आखले आणि काठ बांधून काढला. कांपाल हे नाव त्याच्याच नावाच्या मैदानावरून आले. १८४३ साली ‘नोवा गोवा’ या नावाने पणजी अधिकृत राजधानी झाली. तेव्हापासून या काठाला फिरायला जाण्याची जागा हे रूप आले. अर्थात संध्याकाळी तेथे कोणी फिरावे आणि कोणी ओझे वाहावे हे ठरलेलेच होते.

तरीही काठ हा मुख्यतः कामाचा होता. सचिवालय, जकात कचेरी, टपाल कचेरी, बंदर कप्तानाची कचेरी या सगळ्या इमारती नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कारण माणूस आणि माल दोन्ही तेथूनच येत. सचिवालयाच्या मागेच म्हामाय कामतांचे घर आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या घराण्याचा व्यापार दूरदूरच्या बंदरांशी चाले. त्यांच्या दप्तरात पोर्तुगीज आणि फ्रेंच कागदांबरोबर मराठी कागदही आहेत, आणि ते दप्तर आता पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात सांभाळलेले आहे. या काठावर मराठीत हिशेब लिहिले जात होते, हे आपल्या वाचकांना सांगण्यात मला थोडा अभिमान वाटतो.

मुंबईची आगबोट हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गोव्याच्या मुक्तीनंतर ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत येणारी बोट पणजीच्या धक्क्याला लागे. पावसाळ्यात ती बंद असे. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा आहे, तो पावसाळ्यात जहाजांना धोक्याचा. म्हणून त्या महिन्यांत खनिजाचे बार्जही कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळून झुआरीत जात. आमच्या लहानपणी ‘बोट सुरू झाली’ म्हणजे पावसाळा संपला, आणि मुंबईचे नातलग, दिवाळी अंक, नाटकवाले यायला लागले, असा अर्थ होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती सेवा बंद पडली. १९९४ साली वेगवान कॅटामरान आली, पण तीही फार काळ टिकली नाही.

आगबोट हा वर्षातून एकदोनदाचा प्रवास. रोजची गोष्ट होती ती तर. पणजी आणि बेती यांमधली तर म्हणजे बार्देशचे दार. म्हापशाकडून, पर्वरीकडून, नेरूल-वेऱ्याकडून येणारा प्रत्येक माणूस बेतीला थांबे आणि होडीने, पुढे मोटरलाँचने, पणजीला येई. त्या लाँचला जुनी माणसे ‘गासोलीन’ म्हणत. कोर्टात तारीख असलेला कुळकरी, लिसेवमध्ये शिकणारा मुलगा, मासळीची पाटी घेतलेली कोळीण आणि जमीनदार, सगळे एकाच लाँचमध्ये. बसायच्या जागा वेगळ्या असतील. पण भरती सगळ्यांना सारखीच.

१९७०च्या सुमारास मांडवीवर नेहरू पूल झाला आणि हे चित्र पालटले. पर्वरीचे पठार पणजीचे उपनगर झाले, म्हापसा अर्ध्या तासावर आला. १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाल्यावर पाटोचे बसस्थानक हेच पणजीचे प्रवेशद्वार ठरले. पणजीत शिरणारा माणूस आता नदीकडून न येता मागच्या बाजूने येऊ लागला. फेरीबोटी बंद झाल्या नाहीत, पण आमच्यासारख्या तरुण नोकरदारांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. ‘फेरीने येतो’ म्हणणारा सहकारी आम्हाला जरा मागासलेला वाटे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे तेच लिहावे.

५ जुलै १९८६. शनिवार होता. त्या दिवशी नेहरू पूल कोसळला. जेमतेम सोळा वर्षांचा पूल! खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारांना गंज चढला होता, असे पुढे तज्ज्ञांनी सांगितले. गोवा तेव्हा अजून संघप्रदेश होता. घटक राज्य व्हायला दहा-अकरा महिने अवकाश होता. मी नुकताच सरकारी नोकरीत लागलो होतो आणि बार्देशातल्या घरून रोज ये-जा करीत होतो.

सोमवारी सकाळी बेतीला पोहोचलो तेव्हा मुसळधार पाऊस कोसळत होता आणि फेरीच्या उतारापासून वर रस्त्यापर्यंत माणसेच माणसे उभी होती. छत्र्यांचा उपयोग नव्हता. रुग्णाला इस्पितळात न्यायला आणलेली एक गाडी गर्दीत अडकली होती. लोकांनी हातांनी वाट करून ती पुढे काढली. माझ्या शेजारी वेऱ्याचे एक म्हातारे तारी उभे होते. त्यांचे आयुष्य होडी मारण्यात गेले होते, आणि पूल झाल्यापासून त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. मी म्हटले, "काका, आता कसे होणार?" ते नदीकडे पाहतच म्हणाले, "कसे म्हणजे? पूल नव्हता तेव्हा काय माणसे पणजीला जात नव्हती?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि आनंद तर नव्हताच. मला मात्र ते वाक्य लागले.

पुढची काही वर्षे बार्देश आणि पणजी यांचा संसार फार मोठ्या प्रमाणात फेरीबोटींनी पेलला. त्या बोटींवरच्या खलाशांनी पावसाळी पाण्यात, वाढलेल्या फेऱ्यांत, जे काम केले त्याची नोंद कोणत्या गौरवग्रंथात मी पाहिलेली नाही. नवा पूल १९९२ साली खुला झाला. गर्दी एका रात्रीत ओसरली, आणि आम्ही सगळे पुन्हा वरून जाऊ लागलो.

या जागी मला माझ्याच एका चुकीचा उल्लेख केला पाहिजे. पुढे बऱ्याच वर्षांनी, मी थोड्या वरच्या जागेवर असताना, एका तरीच्या उतारावर उतारूंसाठी शेड आणि बाके बांधण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. अडचण अशी की उतार एका खात्याचा, रस्ता दुसऱ्या खात्याचा, आणि मधली दहा-बारा पावलांची जमीन कोणाची याचा कागद सापडत नव्हता. मी शेरा मारला, "सदर जागा या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने प्रस्ताव परत." नियमाने शेरा बिनचूक होता. फाइल गेली ती परत आली नाही. त्या उतारावर माणसे पुढेही कित्येक पावसाळे भिजत उभी राहिली, आणि त्यांत मी १९८६ साली भिजलेलो मीच होतो, हे मला तेव्हा आठवले नाही. नदीकाठाचे जे झाले ते पुष्कळसे अशाच बिनचूक शेऱ्यांनी झाले, असे आता वाटते.

कारण काठ काही एका दिवसात लोकांच्या हातून गेला नाही. आधी काठाचा रस्ता वाहनांसाठी रुंद होत गेला. २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीला आला, तेव्हा जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर आणि कांपालचा काठ यांची मोठी डागडुजी झाली. फिरायची वाट झाली, दिवे आले. ते चांगलेच झाले. पण रस्ता ओलांडून त्या वाटेपर्यंत पोहोचणे म्हाताऱ्या माणसाला अवघड झाले. विधानसभा २००० साली पर्वरीला गेली आणि सचिवालयही नदीपलीकडे हलले, तेव्हा काठावर कामासाठी येणारी माणसे कमी झाली. आगबोटीचा उतारू तर कधीच संपला होता. रिकामा धक्का रिकामा राहत नाही.

गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात १९९६ साली दुरुस्ती होऊन पाण्यावरच्या जहाजात कॅसिनो चालवायला वाट मोकळी झाली. पुढच्या दशकात मांडवीच्या पात्रात, पणजीच्या अगदी समोर, अशी सहाएक जहाजे येऊन नांगरली. त्यांच्याकडे ने-आण करणाऱ्या छोट्या बोटींना धक्के लागतात, धक्क्यांना गाड्या उभ्या करायच्या जागा लागतात. ही जहाजे मांडवीतून हलवण्याच्या घोषणा अनेक सरकारांनी केल्या आणि मुदतवाढही अनेकदा दिली. जुगाराच्या नीतिमत्तेवर येथे मी लिहीत नाही. ते पुष्कळांनी लिहिले आहे. माझा मुद्दा साधा आहे. तो धक्का पूर्वी ज्याला कोठेतरी जायचे आहे त्याचा होता. आता तो ज्याच्याकडे तिकीट आहे त्याचा आहे.

याच काठावर एक इमारत मात्र वेगळ्या विचाराने बांधलेली आहे. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली, १९८३ साली पूर्ण झालेली कला अकादमी. रस्त्यावरून आत शिरावे, छायेतून चालत जावे, आणि कोणी न हटकता पलीकडे नदीपाशी निघावे, अशी तिची मांडणी. मराठी नाटकांच्या तालमी संपल्यावर रात्री तेथल्या धक्क्यावर बसून चर्चा करणाऱ्या मंडळींत मीही कधी कधी असे. नूतनीकरणासाठी ती २०२१ पासून दोन वर्षांहून अधिक काळ बंद राहिली. तेव्हा पणजीकरांना नाट्यगृहाइतकीच त्या नदीकाठच्या पायऱ्यांची चुटपुट लागली होती.

आता नव्या योजना पुष्कळ आहेत. २०१६ साली पणजीची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. पाटोला कांदळवनातून चालण्याची वाट झाली आहे, ती खरोखर पाहण्यासारखी आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याचा कालवा हे तिन्ही राष्ट्रीय जलमार्ग ठरले. २७ जानेवारी २०१९ रोजी अटल सेतू खुला झाला, पाच किलोमीटरहून लांब, तारांवर तोललेला, रात्री रोषणाईत झगमगणारा. बाहेरगावची वाहने शहराला न अडखळता वरून निघून जातात, हा त्याचा मोठा उपयोग, आणि तो मी रोज अनुभवतो. पण उघडला तेव्हा त्यावर दुचाकींना मनाई होती, आणि पायी जाणाऱ्याचा प्रश्नच नव्हता. लिन्यारिशच्या पुलापाशीच या सेतूचे खांब उभे आहेत. खालून पाहिले की दोन काळ एकावर एक दिसतात.

पायी जाणाऱ्यासाठी आजही तीच तर आहे. फेरीबोटीत पायी उतारूला पैसे पडत नाहीत. चोडण आणि दिवाडी या बेटांवरच्या हजारो माणसांचे शाळा, इस्पितळ, बाजार आणि नोकरी तिच्यावरच अवलंबून आहे. २०२५ साली रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो फेरीबोटी आल्या. एका खेपेत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वाहने जातात. बेटावरच्या लोकांनी त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच आहे. मला सुचवायचे आहे ते इतकेच, की काठाच्या आराखड्यांत फेरीबोटीला देखाव्यात न धरता रस्त्यात धरावे. तिच्या उताराला सावली असावी, बसायला बाक असावे, बस तेथपर्यंत यावी, आणि उतारापासून काठाकाठाने बाजारापर्यंत व कला अकादमीपर्यंत अखंड, सपाट पायवाट असावी. यातली कोणतीही गोष्ट अटल सेतूच्या खर्चाच्या मानाने नखाएवढीही नाही. आणि मधली दहा-बारा पावलांची जमीन कोणाची, हा कागद कोणीतरी एकदा शोधून काढावा.

त्या संध्याकाळी आमचे इंदूरचे पाहुणे फेरीच्या उतारावर कडेला सांभाळून उतरले. फेरी नुकतीच बेतीकडे निघाली होती, म्हणून उतार मोकळा होता. शेवाळ फार, म्हणून मी त्यांचा दंड धरला होता. त्यांनी वाकून पाण्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "खारे आहे." मग विचारले, "पलीकडे जाऊन यायला किती लागेल?" मी म्हटले, पाच-दहा मिनिटे, आणि पैसे काही नाहीत. त्यांना ते खरे वाटेना. पुढची फेरी लागेपर्यंत आम्ही तेथेच उभे राहिलो.